काकांचा फेटा आणि निळी चादर

माझ्या बहिणीच्या लग्नाची फिल्म स्टुडिओवाल्यानं पेनड्राइव्हमध्ये घालून दिली, तेव्हा तिच्यात बहीण कमी आणि गुलाब जास्त होते. ती हसली की बदाम उडायचे, जावई चालला की पायाखालून ठिणग्या निघायच्या आणि शेवटी तर दोघांची तोंडं चंद्रात बसवलेली. आमच्या कंग्राळी गावात सगळ्यांना हे फार आवडलं. मला नाही आवडलं. मी बेळगावात एका कचेरीत कारकून आहे, दुसऱ्याच्या कामात खोट काढणं हा माझ्या नोकरीचाच भाग. मी जाहीर करून टाकलं की ही फिल्म मी नव्यानं जोडणार.

जोडायचं कसं ते इंटरनेटवर फुकट शिकवतात. फुकट शिकवतात हे खरं, पण शिकवायला सुरुवात करत नाहीत. हिंदीतला मास्तर आधी घंटी दाबायला लावायचा. मराठीतला मास्तर आपण किती कष्टातून वर आलो हे अकरा मिनिटं सांगून बाराव्या मिनिटाला निरोप घ्यायचा. इंग्रजीतल्या मास्तराचा सगळा जीव स्फोटात. तो मोटारी उडवायचा. आमच्याकडं उडवण्याजोगी एक पाण्याची टाकी होती, ती मी जेवणाच्या सुट्टीत पडद्यावर तीन वेळा उडवली.

सीमाभागात राहून हे बोलायची सोय नाही, पण सगळ्यात नीट शिकवलं ते एका कन्नड मास्तरानं. 'नोड्री', म्हणजे 'बघा', म्हणायचा आणि थेट कामाला लागायचा. त्याचा पहिला धडा असा, की पडद्यावरचा माणूस कुठंतरी बघत असला तर त्याला काय दिसतंय ते पुढच्याच तुकड्यात दाखवा, नाहीतर लोकांना चुकल्यासारखं वाटतं. मी तो वहीत उतरवून घेतला आणि विसरलो, कारण मला माणसं गायब करायला शिकायचं होतं.

घरासमोरचा विजेचा खांब मी फिल्ममधून गायब केला आणि मोठ्या कौतुकानं आप्पांना दाखवला. आप्पा, म्हणजे माझे वडील, पडद्याजवळ सरकले. मग म्हणाले, "खांब काढलास, मग तारा कशावर हायत?" तारा खरंच अधांतरी लोंबत होत्या. या माणसाला माझी कला कळत नाही, असं मी तेव्हा मनाशी ठरवून टाकलं. शिवाय त्यांनी मूळ फिल्मचीही वाट लावली होती. मंगलाष्टकं चालू असताना सगळं कार्यालय नवरानवरीकडं बघतंय आणि मुलीचा बाप मान वळवून भलतीकडंच. दर कडव्याला तेच. तो तुकडा कापायचा, असं मी लाल पेनानं लिहून ठेवलं होतं.

अशात एका शनिवारी, आप्पा बाजाराला जातात ती वेळ साधून, निपाणीहून काका आले. आप्पांचे धाकटे भाऊ. तंबाखूच्या वखारीत जन्म गेला त्यांचा. त्यांचा आणि आप्पांचा बहिणीच्या लग्नापासून अबोला होता, आणि त्याचं कारण होतं फेटा. आमच्या घरात एक रीत आहे. मुलीच्या लग्नात थोरल्या भावानं धाकट्याला आपल्या हातानं फेटा बांधायचा, मग बाकीच्यांचे फेटे. यंदा आम्ही सुधारलो. बहिणीच्या शालूला जुळणारे पोपटी फेटे मागवले, बांधायला भाड्याचा माणूस आणला आणि त्यानं रांगेनं डोकी गुंडाळायला घेतली. आप्पा वरपक्षाच्या सरबराईत. काका कार्यालयाच्या दाराशी उघड्या डोक्यानं अर्धा तास उभे राहिले, कुणी हाक मारेना, तसे अक्षतांच्या आधीच उठून निपाणीच्या बसमध्ये बसले. गेले ते गेले. फोन आप्पांनीही केला नाही आणि काकांनीही.

"मला त्यात घाल," काका म्हणाले.

"कशात?"

"फिल्ममधी. टाकी उडवतोस म्हणं. मग एक माणूस घालाय काय जड हाय? लई न्हाय, नुसत्या अक्षता टाकताना दाखव. पै-पावणं इचारत्यात, पुतणीच्या लग्नात तुम्ही कसं न्हाय? काय सांगू मी?"

हे त्यांनी इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला माझीच लाज वाटली. मी हो म्हणालो. सगळ्या मास्तरांचं एकमत होतं की मागं हिरवं कापड लावायचं, मग संगणक तेवढा हिरवा रंग गाळून टाकतो आणि मोकळा माणूस हवा तिथं बसवता येतो. गोठ्यात हिरवं कापड ताणलं. आईनं त्या दिवशीचा उरलेला, काकांच्याच नावाचा फेटा ट्रंकेतून काढून दिला. फेटा बांधायचा कसा, तेही मी मोबाइलवर बघून बघून केलं. काकांनी कुणीच नव्हतं त्या दिशेला अत्यंत मनापासून अक्षता टाकल्या. म्हशीनं त्यातल्या काही खाल्ल्या.

मग मी संगणकाला हिरवा गाळायला सांगितलं. संगणक आज्ञाधारक, पोपटी काय नि हिरवा काय, त्याला दोन्ही सारखेच. पडद्यावर काका मांडवात उभे होते, हात उचललेला होता, आणि भुवयांच्या वर काहीच नव्हतं. डोक्याच्या जागी मागच्या झेंडूच्या माळा दिसत होत्या.

काका पडद्याकडं बघत राहिले. "परत काढून घेतला व्हय रं?" म्हणाले आणि पिशवी उचलून बसस्टँडकडं निघाले. असलं हसू येण्याजोगं चित्र मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही, आणि त्या दिवशी मला हसू आलं नाही.

कन्नड मास्तराच्या व्हिडिओखाली मी प्रश्न टाकला. तासाभरात त्याचं उत्तर आलं: निळं कापड लावा. एवढं साधं. निपाणीला जाऊन मी काकांच्या हातापाया पडलो, तेव्हा पुढच्या शनिवारी ते आले. गोठ्यात आईची निळी चादर टांगली, कॅमेरा चालू केला, एका हातात मोबाइल धरून मी दुसऱ्या हातानं फेट्याशी झटत होतो, आणि दारात आप्पा उभे. बाजाराची पिशवी विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले होते.

आप्पांनी चादर बघितली, कॅमेरा बघितला आणि मग काकांच्या डोक्याकडं बघितलं.

"ह्ये काय बांधलंईस? भाकरीचं फडकं हाय व्हय?"

त्यांनी मला बाजूला सारलं, सगळा फेटा उलगडला आणि टोक दातात धरून पहिल्यापासून बांधायला घेतला. काका लहान पोरासारखे मान खाली घालून बसले. "मान वर कर," आप्पा म्हणाले. काकांनी केली. डोळे मिटूनच. तुरा काढून झाल्यावर आप्पांनी तो दोनदा नीट केला, गरज नसताना, आणि पिशवी घेऊन बाजाराला गेले. मग काकांनी त्याच फेट्यात पुन्हा अक्षता टाकल्या.

संध्याकाळी काकांना बसवायला मी मंगलाष्टकांचा भाग पुन्हा उघडला. जागा शोधत होतो, म्हणून कार्यालयाची लांबून घेतलेली चित्रं प्रथमच नीट बघितली. दार कुठल्या बाजूला आहे ते त्यात दिसत होतं. आप्पा दर कडव्याला मान वळवत होते ते दाराकडं. काका उभे होते त्या दाराकडं, आणि आता तिथं कुणीच नव्हतं. मी चार महिने तोच तुकडा पुढंमागं करत होतो आणि बापाला नावं ठेवत होतो.

काकांच्या अक्षता मी बसवून दाखवल्या. त्यांच्या अंगाच्या कडा निळ्या थरथरत होत्या आणि सावली सगळ्यांच्या उलट पडली होती. काका म्हणाले, "ह्ये ऱ्हाऊ दे. ते फेट्याचं लाव."

ते लावलं. आप्पा मान वळवून दाराकडं बघतात, आणि पुढच्याच तुकड्यात निळ्या चादरीसमोर ते काकांना फेटा बांधत असतात. मधूनमधून म्हशीची शेपटी येते. तीन सेकंदांपेक्षा लांब तुकडा ठेवू नका, असं सगळे मास्तर सांगतात. हा सहा मिनिटांचा आहे, आणि मी त्यातलं काहीही कापलेलं नाही.