अर्धा सूर वर

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोजवळ नाही, मित्रांजवळ नाही. देवाजवळही नाही — देवळात उभा राहिलो की मी लगेच दुसरंच काहीतरी मागायला लागतो. आज तुमच्यापाशी बोलतोय. मध्येच अडखळलो, भलतीकडे गेलो, तर जरा सांभाळून घ्या. मी मुद्दाम वळसे घेईन, हे मला आधीच ठाऊक आहे.

मी वडशाचा. झाडीपट्टीच्या नाटकात संगीत देणारा. आमच्याकडे धान कापून झालं की गावोगावी नाटकं लागतात, ती होळीपर्यंत. मी एका मंडळीत ऑर्गन वाजवायचो — पायानं भाता मारायचा जुना ऑर्गन. पंचविशीतच सगळे मला मास्तर म्हणायला लागले होते. ते मला आवडायचं. फार आवडायचं, हेही इथंच सांगून टाकतो.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. नागपुरात एका रेकॉर्डिंगच्या खोलीत मी कॉम्प्युटरला जोडलेला की-बोर्ड पाहिला. त्या की-बोर्डला स्वतःचा आवाजच नव्हता. कळ दाबली की वायरमधून नुसता निरोप जायचा — ही पट्टी, एवढ्या जोरानं — आणि आवाज काढायचा कॉम्प्युटर. सनई पाहिजे? सनई. व्हायोलिनचा ताफा पाहिजे? ताफा. मला वेड लागलं. हे आपल्या नाटकात पाहिजे, असं मी मालकाला म्हटलं. मालक हसला. म्हणाला, स्टेजपुढे टीव्ही ठेवून बसशील तर लोकं नाटक पाहतील का तुझा टीव्ही?

तेव्हा माझ्या बाजूनं एकच माणूस बोललं. यमुनाबाई.

यमुनाबाई आमची मुख्य नटी. गाणारी. चाळिशी ओलांडलेली होती, पण ती तोंडाला रंग लावून उभी राहिली की वय कोणी विचारत नसे. बाप ढिवर, गावच्या तळ्यात जाळं टाकणारा. धानाची रोपं लावताना, रोवणीच्या बांधीत बायकांबरोबर गाणी म्हणता म्हणता तिचा गळा तयार झालेला. तिला ऐकायला लोक बैलगाड्या जुंपून यायचे. ती मालकाला म्हणाली, "आणू द्या ना, भाऊ. पोरगं शिकून राह्यलं तं शिकू द्या. मी गाईन त्याच्या मशीनवर."

तिच्या शब्दावर कॉम्प्युटर आला.

तो बसवायचा म्हणजे काय होतं, हे आज लॅपटॉप उघडून बसणाऱ्या पोरांना कळायचं नाही. दुकानात जोडून घेतलेला मोठा डबा, जाडजूड मॉनिटर. टेम्पोत पडद्यांच्या गठ्ठ्यांमध्ये मी तो रजईत गुंडाळून ठेवायचो. कोरचीकडच्या रस्त्यानं गेलो की आतलं एखादं कार्ड हमखास ढिलं व्हायचं. गावात उतरलो की आधी झाकण उघडायचं, सगळं दाबून बसवायचं, मग वायरी लावायच्या. जनरेटरचं व्होल्टेज वरखाली व्हायचं, म्हणून स्टॅबिलायझर, आणि त्याच्यापुढे बॅटरीचा डबा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे उशीर. कळ दाबली की आवाज किंचित मागून यायचा. किंचितच — पण गाणाऱ्याचा पाय त्यात अडकतो. तो उशीर कमी करायला मी दुपारभर कॉम्प्युटरमधला एकेक आकडा खाली आणत बसायचो आणि यमुनाबाई शेजारी उभी राहून एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची. कंटाळायची नाही. आकडा फार खाली नेला की आवाज फाटायचा, मग परत वर. एका दुपारी ती गाता गाता थांबली आणि म्हणाली, "आता आला बोटासोबत." आम्ही दोघंही हसलो. ती दुपार मला आठवते. नको तितकी आठवते.

माझ्या मशीनचं नाव झालं. क्लॅरोनेटवाले काका घरी बसले. तबलजीनं तबला गुंडाळला आणि तो ऑक्टोपॅड वाजवायला लागला. हे का सांगतोय, ते पुढे कळेल.

आता ललिताबद्दल. कोरसमध्ये गाणारी, ब्रह्मपुरीकडची पोरगी. आमचं जमलं होतं, लग्न ठरलं होतं. तिचा गळा चांगला होता आणि तिला ते माहीत होतं. यमुनाबाई तिला शिकवायची — श्वास कुठं घ्यायचा, माइकपासून तोंड केव्हा मागे घ्यायचं. ललिताला मुख्य भूमिका मिळावी असं मला वाटायचं. मी मालकाकडे विषय काढला तर तो म्हणाला, "बाईचा गळा आहे तोवर दुसरी हिरोईन नाई."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. गळा आहे तोवर.

आणखी एक आहे. तालमीत सगळ्यांसमोर यमुनाबाई एकदा म्हणाली होती, "मशीन वाजते चांगली, पण मास्तर, थे दम नाई खात. माणसानं वाजवलं का दम खाते." सहज बोलली. वाईट हेतू नव्हता. पण मला ते लागलं. आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा बोलण्यानं? मीही स्वतःला हेच विचारतो. मला वाटतं, ललिता हे कारण मी नंतर पुढे केलं. आधी लागलं होतं ते हे.

कॉम्प्युटरमध्ये एक सोय असते. ट्रान्सपोज म्हणतात. बोटं त्याच पट्ट्यांवर ठेवायची आणि आकडा बदलायचा — सगळं संगीत तेवढं वर किंवा खाली सरकतं. यमुनाबाई पांढरी पाचमध्ये गायची. सगळी गाणी मी त्याच सुरात भरून ठेवलेली. आकडा शून्य. तो एक केला की सगळंच अर्धा सूर वर. माझी बोटं मात्र होती तिथंच.

मी तो एक केला.

झालं, बोललो. बरं वाटेल असं वाटलं होतं.

पहिल्या वेळी मनात म्हटलं, एकदाच पाहू. अर्धा सूर म्हणजे काय — फार काही नाही. साध्या श्रोत्याला कळतही नाही. पण वरच्या पट्टीत जिथं तिचा आवाज सहज जाऊन टेकायचा, तिथं आता तिला ओढावं लागलं. तिनं ओढला. आत गेल्यावर खोकली. गरम पाणी मागितलं. मी पुढच्या नाटकातही आकडा तसाच ठेवला. त्याच्या पुढच्याही. तिनं आंबट सोडलं, हळद-मिठाच्या गुळण्या सुरू केल्या, गळ्याभोवती मफलर गुंडाळून टेम्पोत बसायला लागली. ललिता तिला ज्येष्ठमध आणून द्यायची. मी समोर बसून पाहायचो. तबला असता तर तबलजीनं मला पहिल्याच दिवशी धरलं असतं — तबला सुरात लावावा लागतो. ऑक्टोपॅडला सूर नसतो. मंडळीतला सगळा सूर आता माझ्या एकट्याच्या हातात होता.

मग यमुनाबाईच्या गावात नाटक लागलं. तिचं माहेर. पुढच्या रांगेत तिचा म्हातारा बाप, भाऊ, भावजया, लेकरंबाळं. त्या दिवशी मी आकडा दोन केला.

एक पूर्ण सूर.

तिसऱ्या अंकात तिचं मोठं गाणं होतं, नवरा गेल्यावरचं. सुरुवात तिनं निभावली. अंतरा आला. वरच्या सुरावर तिचा आवाज चिरला, मग तुटला, आणि मग नुसती हवा आली. लोक गप्प. आमच्याकडचा प्रेक्षक असा गप्प होत नाही, तो ओरडतो, शिट्ट्या मारतो. ते सगळे तिच्यासाठी गप्प राहिले. आणि तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं.

माझ्याकडे नाही — माझ्या बोटांकडे. अनुभवी बाई होती, काहीतरी तिला जाणवलं असणार. मी सूर चुकीचा दिला का, ते तिनं पाहिलं. माझी बोटं नेहमीच्याच पट्ट्यांवर होती. तिला माझ्या बोटांच्या जागा पाठ होत्या, एवढं ती माझ्याजवळ उभी राहिली होती. तिनं मान खाली घातली. तिची खात्री झाली — चूक आपल्याच गळ्याची आहे.

मी वाजवत राहिलो. एक बोट लावून आकडा खाली आणता आला असता. तेवढा वेळ होता. नाही आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच मालकाकडे गेली. तिला कोणी काढलं नाही. "भाऊ, मले आता सोडा. गळा गेला माझा. ललिताले उभी करा, थे तयार आहे." मालक रडला. ललिता रडली. मीही डोळे पुसले. ते खोटं होतं का? नव्हतं. म्हणून जास्त वाईट आहे.

ललिता उभी राहिली त्या पहिल्या नाटकाला यमुनाबाई मुद्दाम थांबली होती. मी आकडा शून्यावर आणून ठेवला. म्हणजे ललिता त्याच सुरात गायली ज्या सुरात यमुनाबाई इतकी वर्षं गात आली होती. माझ्या बाजूच्या विंगेत पेटाऱ्यावर बसून ती ऐकत होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "पोरीचा गळा कसा मोकळा चालते, मास्तर. माझा बी असाच चालत होता ना?"

मी मान हलवली.

ललितानं पुढे पुष्कळ वर्षं नाव कमावलं. आमचं घर त्या नावावर उभं राहिलं. आज ती घरी शिकवते आणि पोरींना सांगते, गळा सांभाळा, आमच्या यमुनाबाईचा गळा पाहता पाहता गेला. मी त्याच खोलीत असतो. उठून बाहेर जातो, कधी तेही करत नाही.

काही वर्षांनी यमुनाबाई आम्हाला आरमोरीच्या बाजारात भेटली. ललितानं तिच्या पाया पडून आमच्या मुलीला पुढे केलं, म्हणाली, बाई, हिला दोन ओळी म्हणून दाखवा ना. ती नाही म्हणाली. घरीही गात नाही, म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिचे शब्द जसेच्या तसे सांगतो. "लोकं तोंडावर गोड बोलत होते, मास्तर. बाई, तुमचा आवाज अजून तसाच आहे म्हणत. तुमच्या मशीननं तेवढं खरं सांगतलं मले. नाईतं मी अजून इज्जत घालवत बसली असती."

तिथं सांगायचं होतं. बाजारात, भाजीच्या पोत्यांमध्ये, तिथंच. मी काय केलं? मुलीला म्हटलं, आजीच्या पाया पड.

मागे एकदा मात्र मी ठरवून तिच्या गावी गेलो. ललिताला वेगळंच काम सांगितलं आणि गाडी काढली. मनात वाक्य तयार केलं होतं — बाई, तुमचा गळा गेला नव्हता, मी सूर चढवला होता. वाटभर तेच घोकत होतो. तिच्या घरी भावजय भेटली, म्हणाली, बाई वावरात आहेत, रोवणा चालू आहे.

मी बांधावर जाऊन उभा राहिलो. चिखलात बायकांची ओळ वाकलेली, हातात पऱ्ह्याच्या, धानाच्या कोवळ्या रोपांच्या जुड्या. गाणं चाललं होतं. एक बाई ओळ टाकायची, बाकीच्या उचलायच्या. यमुनाबाई त्या ओळीच्या टोकाला होती. सगळ्यांत भराभर हात चालत होता तिचा. तोंड मिटलेलं. गाणं तिच्या अंगावरून जात होतं आणि ती रोपं लावत होती. एका जागी गाणारणीचा सूर उतरला. यमुनाबाईनं मान जराशी वर केली, ओठ हलले असं मला वाटलं — आणि तिनं परत मान खाली घातली.

तिनं मला पाहिलं नव्हतं. हाक मारली असती तर आली असती, हात धुऊन, हसत आली असती. मी हाक मारली नाही. मग गाडीकडे वळलो आणि वडशाला परत आलो. ललितानं विचारलं, काम झालं का? मी म्हटलं, झालं.