तापीच्या पात्रातली सकाळ

यजमान जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. विषमज्वराने एकवीस दिवस अंथरुणावर होते आणि बाविसाव्या दिवशी गेले. त्या एकवीस दिवसांत मी देवाला जितके आळवले तितके त्याआधी कधी आळवले नव्हते. पुढे घरातली पूजा मी चुकवली नाही, कारण घरात सासरे होते आणि त्यांना वाईट वाटले असते. पण फूल वाहताना मनात काहीच नसे. भांडी घासावीत तशी मी पूजा उरकत असे. हे मी तेव्हा कोणाजवळ बोलले नाही. आज लिहिते आहे.

सासऱ्यांना मी आबा म्हणत असे. अमळनेरच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर चित्रकला शिकवली. पक्ष्यांचे त्यांना फार वेड. दर दिवाळीच्या सुट्टीत ते तापीकाठी जाऊन आठवडाभर राहत, पक्षी बघत आणि वहीत त्यांची चित्रे काढत. एकुलता एक मुलगा गेल्यावर ते जाणे थांबले, आणि मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितले, दिवाळीनंतर शस्त्रक्रिया करू. एक डोळा गेल्यातच जमा आहे, दुसऱ्याची खात्री देत नाही. घरी आल्यावर आबा म्हणाले, "सूनबाई, त्याआधी एकदा नदीवर जाऊ. मला दिसणार नाही, ठाऊक आहे. तू बघ आणि मला सांग."

मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, मलाही सुट्टी होती. बैलगाडी करून आम्ही नदीकाठच्या एका खेड्यात गेलो आणि महादेवाच्या देवळाच्या ओवरीत उतरलो. गावातले लोक आबांना ओळखत होते. भाकरी, मिरचीचा ठेचा, दूध कोणी ना कोणी आणून देई.

रोज उजाडले की मी आबांचा हात धरून पात्रात उतरत असे. पावसाळ्याचा पूर ओसरून वाळूचे पट्टे उघडे पडले होते. मला चिमणी आणि कावळा सोडून फारसे पक्षी ओळखता येत नव्हते. मी सांगायचे, "आबा, एक लहानसा आहे, काळापांढरा, सारखी शेपटी हलवतो आहे." आबा लगेच म्हणत, "परीट. म्हणजे थंडी आली." मी सांगायचे, "दोन मोठी बदके, विटकरी रंगाची," आणि ते हसून म्हणत, "चक्रवाक. जोडीनेच असतात ते." त्यांचा चेहरा उजळे. पहिले तीन दिवस मलाही बरे वाटले.

पण त्यांना खरी ओढ करकोच्यांची होती. उत्तरेकडून दर वर्षी करकोच्यांचे थवे येत आणि वरच्या अंगाच्या वाळूवर उतरत. आबा दर थोड्या वेळाने विचारत, "आले का ग?" चौथ्या दिवशी ऊन फार लागले होते, माझे डोके दुखत होते. त्यांनी पुन्हा विचारले आणि मी फाडकन बोलले, "नाही आले, आबा. आणि आले तरी तुम्हाला कुठे दिसणार आहेत?"

माझा हात त्यांनी सोडला नाही. तसाच धरून आम्ही ओवरीत परत आलो. मी क्षमा मागायला हवी होती. संध्याकाळी मागू, म्हटले. संध्याकाळी म्हटले, सकाळी मागू.

सकाळी मी विहिरीवरून पाणी घेऊन आले तो ओवरीत आबांचे अंथरूण घडी करून ठेवलेले, काठी नाही, वहाणा नाहीत. नदीवर दाट धुके होते. मी घागर तिथेच टाकली आणि धावत सुटले. करकोचे वरच्या अंगाला उतरतात म्हणून मी वरच्या अंगाला धावले. "आबा! आबा!" ओरडून ओरडून घसा बसला. सातपुड्याकडे आदल्या दिवशी पाऊस झाला असावा. पाण्याला गढूळ रंग आला होता, आणि काल जिथे आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून चाललो होतो तिथे पाणी जोराने वाहत होते.

किती वेळ धावले सांगता येत नाही. शेवटी वाळूत मटकन बसले. नवऱ्यासाठी केले होते तसे नवस तोंडावर आले, पण मला ते बोलवेनात. मी एवढेच म्हणाले, "माझ्याने होत नाही. आता तूच बघ." कोणाला म्हणाले तेही मनात स्पष्ट नव्हते. रडूही आले नाही. मी नुसती गप्प बसून राहिले.

तेव्हा मला टिटव्या ऐकू आल्या. खूप लांबून, खालच्या अंगाने, एकसारख्या ओरडत होत्या. त्या आधीपासूनच ओरडत असणार. माझ्याच ओरडण्यात मला ऐकू आल्या नव्हत्या. आबांनी दुसऱ्याच दिवशी सांगितले होते की टिटवी माणूस जवळ आल्याशिवाय असा गिल्ला करत नाही. मी उठले आणि उलट्या दिशेने धावत निघाले.

देवळाच्या बरेच खाली पोचले तेव्हा धुके विरळ होत होते. काठावर एक कोळीण उभी होती. पन्नाशीची असेल. लुगडे कमरेपर्यंत भिजलेले, हातात लांब बांबू. माझा अवतार बघून तिने ओळखले.

"रडू नको, माय. आबा जित्ता शे," ती म्हणाली. "तठे बसेल शे."

मागे पळसाच्या झुडपाजवळ आबा बसले होते. ओले, कुडकुडत, तिचे घोंगडे पांघरलेले. पहाटे ते चाचपडत पात्रात उतरले होते आणि धुक्यात दिशा चुकून खालच्या अंगाला गेले. वाळूच्या एका उंचवट्यावर पोचले आणि मागे पाणी वाढले. पायाला सगळीकडे पाणीच लागते आहे हे कळल्यावर ते जागीच खाली बसले. त्या उंचवट्यावर टिटव्या होत्या. त्या डोक्यावर घिरट्या घालून ओरडत राहिल्या. कोळणीने तो गिल्ला ऐकला, कंबरभर पाण्यातून बांबू टेकत ती पलीकडे गेली आणि त्यांना धरून घेऊन आली.

मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिने मला दंडाला धरून उभे केले. पूर ओसरला की तिच्या घरची माणसे पात्रातल्या वाळूत डांगराचे वेल लावत. वाळू सुकली का हे बघायला ती आली होती. मी विचारले, रोज येता का? ती म्हणाली, "नही वं. आज तं बाजारले जानं व्हतं. वाटनं म्हनीसन उनू." वाटले म्हणून आले. एवढेच. आणि घोंगडे राहू दे म्हणून सांगून ती तिच्या कामाला निघून गेली.

मी आबांच्या पायाशी बसले आणि आदल्या दिवशीच्या बोलण्याची क्षमा मागितली. ते म्हणाले, "अग, खरेच तर बोललीस. मला राग नव्हता आला. मी आपला ऐकायला गेलो होतो. करकोचे दिसले नाहीत तरी ऐकू येतात." मग म्हणाले, "तो गेल्यापासून तू माझ्यासाठी पूजा करतेस, हे मला कळते. माझ्यासाठी करू नकोस."

मला वाटत होते मी ते लपवले आहे. तीन वर्षांत पहिल्यांदा मी कोणासमोर मनसोक्त रडले.

करकोचे त्या आठवड्यात आलेच नाहीत. उरलेले दोन दिवस आबांना थोडा ताप होता. आम्ही ओवरीतच बसून राहिलो, आणि गाडी आल्यावर घरी गेलो. कोळणीचे घोंगडे धुऊन पुजाऱ्यांकडे ठेवले होते, ते तिला पोचले असे मागाहून कळले.

धुळ्याला शस्त्रक्रिया झाली. एक डोळा गेला. दुसऱ्याला जाड भिंगातून दिसू लागले, स्वतःच्या हाताने जेवण्यापुरते आणि मोठी अक्षरे वाचण्यापुरते. आबा पुढे चार वर्षे होते.

त्या सकाळी नदीवर जे झाले त्याला काय म्हणावे हे मी ठरवायला बसत नाही. टिटव्या आपल्या जागेसाठी ओरडल्या, एक बाई आपल्या शेताच्या कामाला आली. हे सगळे माझ्या हाक मारण्याच्या आधीपासून चालू होते. मी हताश होऊन बसले तेव्हा ते मला ऐकू आले, इतकेच मी खात्रीने सांगू शकते. यजमानांच्या आजारात मी देवाला एक क्षणही बोलू दिले नव्हते, सारखी मीच बोलत होते. त्या वेळीही कोणी माझ्याजवळ आले असेल, कोणी हात धरला असेल. मला आठवत नाही, आणि त्याचे आता वाईट वाटते.

आता मी पूजा थोडीच करते. फूल वाहून झाले की काही मागत नाही. उंबऱ्याशी बसते आणि दिवस जसा येईल तसा येऊ देते. ज्याने आबांना परत दिले त्याचे आभार मानते. आणि हल्ली, ज्याने यजमानांना नेले त्याच्याशीही माझे बोलणे पुन्हा सुरू झाले आहे.