आपल्याच रानातली पाहुणी

हिराआक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला आईकडे होते. फोन सुनंदावहिनीचा, म्हणजे आक्काच्या सुनेचा. "ताई, आत्या गेल्या. सकाळी च्या घेतला, जरा पडती म्हणल्या, आन्..." आईनं विचारलं, कोण गं? मी म्हणाले, घरमालकीण. म्हणाले खरी, आणि माझाच मला राग आला. सहा वर्षं जिच्या ओट्यावर बसून मी रोजचा चहा प्यायले, जिच्या शिव्या खाल्ल्या, तिला मी एका शब्दात भाड्याच्या खोलीपुरती करून टाकली.

नोकरी हिंजवडीत आणि राहायला मुळशीतल्या रिहे गावात, म्हणून ऑफिसातले लोक मला वेड्यात काढायचे. पण मला डोंगर हवे होते. पहिल्या वर्षी तर मी यादीच केली होती. धरण, धबधबे, किल्ला, सूर्यास्ताची जागा. दर रविवारी स्कूटर काढायची, एका नावावर काट मारायची आणि संध्याकाळी ओट्यावर आक्काला फोटो दाखवायचे. ती चष्मा न लावताच बघायची आणि म्हणायची, "ब्येस हाय." एका रविवारी फिरायला लांब न जाता मी घरामागच्याच भातखाचरात फोटो काढायला उतरले, बूट घालून. शेजारच्या पडवीतून आक्का अशी काही ओरडली की माझा फोनच चिखलात पडला. "पायताण काढ आदी! जेवायच्या ताटात पाय घालती व्हय गं?" फोन धुऊन सुकवेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मग स्वतःच चहा घेऊन आली आणि म्हणाली, "समदं मुळशी बघून आलीस, रिहं कवा बघनार?" रिह्यात काय बघायचं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. गिळलं, हे नशीब.

त्यानंतर रिहं मला आक्कानं दाखवलं. इथं प्रत्येक खाचराला नाव असतं, हे मला तिनं सांगितलं. तिची स्वतःची पाच खाचरं होती. थोरलं, उंबराखालचं, दगडाचं, जावंचं आणि शेवटचं माहेरवाशीण. "पानी येतं, जरा टेकतं, आन् लगी निगून जातं. म्हनून माहेरवाशीण," ती म्हणायची. खाचरं होती म्हणते, कारण नवरा वारल्यावर मुलांनी ती जमीन विकायची ठरवली आणि सही आक्कानंच केली. घेणाऱ्यानं तिथं शहरातल्या लोकांसाठी कृषी पर्यटन केंद्र काढलं. फाटक आलं, पाट्या आल्या, खाचरांना आकडे पडले. आक्का त्या रस्त्यानं जायचीच नाही. देवळात जायचं असलं तरी ओढ्याच्या बाजूनं लांबचा वळसा घ्यायची. मला वाटायचं, त्या जागेवर तिचा राग आहे. मागच्या वर्षी भाताची रोपं लावायचे, म्हणजे आवणीचे दिवस आले, आणि ती ओट्यावरून त्या दिशेला बघत म्हणाली, "एकदा पाय लावायचा हुता गं, रानाला." मी म्हटलं, मग जाऊ या की, फाटकावर तर तुमच्या भावकीतले महादूतात्याच बसतात, विचारलं तर नाही म्हणतील का? तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं. "विचारू? माज्याच रानात जायला?"

मी म्हटलं, "विचारायचं नाही. तिकीट काढायचं."

तिसऱ्या दिवशी ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तिकीट काडल्यावर कोन काय बोलंल का?" मी म्हटलं, कोणाची छाती आहे? मग रविवारी नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन ती माझ्या स्कूटरवर बसली. फाटकावर महादूतात्या उभेच राहिले. आलेल्या पाहुण्यांच्या मनगटाला ते केशरी कागदी पट्टी चिकटवत होते. "आक्का, तुला कशाला पट्टी?" ते ओशाळून म्हणाले. आक्कानं हात ताठ पुढं केला. "तिकीट काडलंय. पाव्हनी हाय मी. लाव." असा रुबाब मी आमच्या कंपनीतल्या मोठ्या साहेबाचाही पाहिलेला नाही.

बांधाशी आल्यावर तिनं चपला काढल्या, वाकून मातीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. पुढच्या खाचरात एक तरुण मार्गदर्शक लोकांना आवणी शिकवत होता. आक्का पाच मिनिटं कशीबशी गप्प राहिली. मग लुगडं खोचून उतरलीच. "आरं, मुळी वर ऱ्हायली. दोन दिसात पिवळं पडंल." पुढचा तासभर सगळे पाहुणे तिच्याच मागे ओळीत वाकलेले. पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, "आजी, तुम्ही इथंच कामाला असता का?" हे रान त्यांचंच होतं, असं सांगायला मी तोंड उघडलं. आक्का मात्र खुशाल हसली. "न्हाई वो. म्या बी तुमच्यावानीच, एक दिस आल्याली." जेवताना तिथल्या पिठल्याला तिनं मनसोक्त नावं ठेवली आणि दोनदा वाढून घेतलं...

आक्काला जाऊन आता सात आठवडे झाले. परवा सुनंदावहिनीनं मला एक कुंकवाची डबी आणून दिली. आत ती केशरी पट्टी, नीट घडी केलेली. "आत्यांनी पानी लागू दिलं न्हाई तिला. म्हनायच्या, पुडच्या आवणीला परत जायचं, पट्टी हाय आपल्याकडं." पट्टी एकाच दिवसाची असते, दर खेपेला रंग बदलतात, हे मला माहीत होतं. तिला कधी सांगितलं नाही. म्हटलं, वेळ आली की गुपचूप नवं तिकीट काढू. ते राहिलंच, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

गेल्या रविवारी मी एकटीच गेले. तिकीट काढलं होतं. महादूतात्यांनी निळी पट्टी उचलली, तेवढ्यात मी डबी उघडून पुढं धरली. त्यांनी ती पट्टी उलटसुलट करून पाहिली. "आक्काची?" मी मान हलवली. त्यांनी निळी पट्टी परत खणात टाकली. केशरीचा डिंक कधीच गेला होता, तर त्यांनी कुठूनसा दोरा काढला आणि ती माझ्या मनगटाला बांधली.

"जावा," ते म्हणाले, "माहेरवाशिनीत आवणी चाललीया."

त्या खाचराच्या पाटीवर पाच नंबर लिहिलेला आहे. मी बांधापर्यंत गेले. ओरडायला कोणी नव्हतं, तरी आधी चपला काढल्या आणि मग खाली उतरले.