आत्याची बॅटरी आणि पुकारेकाकांची कवळी

आमच्या घरात माणसं चार आणि तोंडं कपाटभर. आत्या कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर हिरड्यांचे ठसे पाठवतात, ती त्यांत प्लास्टर ओतून जबडे काढते, जबड्यांवर मेणात दात रोवते, मग मेणाच्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरून साचा गरम पाण्याच्या टाकीत शिजवते. मागची खोली तिची. कपाटाचं दार उघडलं की तिथले सगळे जबडे एकदम आपल्याकडे बघून हसतात. नवा माणूस दचकतो. आत्या म्हणते, "घाबरू नका, चावत नाहीत. चावायला लागले की मी पाठवून देते."

तिचं दुसरं वेड काटकसरीचं. माणूस खोलीतून बाहेर पडायच्या आत तिचा हात स्विचवर. मी वाचत बसलेली असतानासुद्धा तिनं दिवा मालवलाय. का, तर "बराच वेळ पान उलटलं नाहीस, मला वाटलं झोपलीस." बाबा तिचे धाकटे भाऊ. ते म्हणतात, "ताई, दार लावल्यावर फ्रिजमधला दिवा विझतो की नाही, हे बघायला तू एक दिवस आत जाऊन बसशील."

"बसले असते रे बाळ्या, पण तू आत जागा ठेवशील तर ना!"

अशा बाईनं बॅटरीची एवढी मोठी पेटी घेतली, ती हौस म्हणून नाही. कवळी टाकीत असताना लाइट गेली आणि पाणी गार झालं, की अ‍ॅक्रिलिक कच्चं राहतं. घाईनं गॅसवर उकळलं, तर त्याला पावासारखी जाळी पडते. दोन्ही प्रकार तिच्या हातून होऊन चुकले होते. मग पॅसेजमध्ये पेटी आली. लाइट असताना भरायची, गेली की घर चालवायची, आणि तिच्यावरची हिरवी पट्टी कायम काठोकाठ. आत्या जाता-येता तिच्या पाठीवरून हात फिरवायची, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. माझ्या पाठीवरून फिरवल्याचं आठवत नाही.

तर एकदा पेटीच्या पडद्यावर उमटलं : नवीन अपडेट आलं आहे. बाबा गाडी चालवायला शिकवतात. दिवसभर त्यांचं एकच पालुपद, "आधी बघायचं, मग पाय टाकायचा! रस्ता तुझ्या सासऱ्याचा नाही!" त्या माणसानं एक अक्षर न वाचता 'मान्य' दाबलं आणि चहा घ्यायला गेला.

दोन-चार दिवसांनी आत्याचा हात सवयीनं पेटीवर गेला आणि तिथेच थांबला. पट्टी पाव राहिली होती. लाइट तर गेलेली नव्हती. वाट बघितली. दुसऱ्या दिवशी पाव, तिसऱ्या दिवशी पाव. पेटी भरायलाच तयार नाही. पोट भरलंय म्हणून ताटावरून उठलेल्या पाहुण्यासारखी.

आत्यानं कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडचा आवाज असा गुळगुळीत, की त्यावर माशी बसली तर घसरेल.

"मॅडम, मी आपली अडचण समजू शकतो."

"तुम्ही काय समजणार? तुमचे दात तुमचेच आहेत ना?"

"…मॅडम?"

"पुढे बोला."

पुढे तो जे बोलला ते ऐकून आईनं तोंडाला पदर लावला. नव्या अपडेटनंतर पेटी घराच्या सवयी शिकते. लाइट गेल्यावर या घरात किती वीज लागते ते बघते आणि तेवढीच भरून ठेवते. म्हणजे बॅटरीचं आयुष्य वाढतं. "आणि मॅडम, आपल्या घरी लाइट गेल्यावर वापर फारच कमी आहे. एक दिवा, एक पंखा. तोही मध्येमध्ये बंद."

खरंच होतं ते. लाइट गेली की आत्या घरभर फिरून सगळं बंद करायची. 'बॅटरी पुरवून वापरा रे!' टाकी तर ती शक्यतो सकाळीच लावायची, तेव्हा सहसा लाइट जात नाही. पेटी शांतपणे हे सगळं बघत होती आणि तिनं निष्कर्ष काढला होता, की ही गरीब माणसं, यांना पाव पुरे.

"अहो, पण मला भरलेली हवी! आधी व्हायची तशी!"

"तो पर्याय सध्या काढलेला आहे मॅडम. पुढच्या अपडेटमध्ये येण्याची शक्यता आहे. तोपर्यंत लाइट गेल्यावर वापर वाढवला, तर सिस्टिम आपोआप शिकेल."

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "आयुष्यभर वाचवलंत ना वन्सं, आता मिळालं बक्षीस." आई बोलते कमी, पण बोलली की टाकाच घालते.

एरवी आत्यानं हे हसण्यावारी नेलं असतं. पण टेबलावर पुकारेकाकांचे जबडे होते.

पुकारेकाका भाजी मंडईत लिलाव पुकारतात. टोपलीवर पाय ठेवून उभं राहायचं आणि असा आवाज काढायचा, की पलीकडच्या गल्लीतल्या माणसानं चुकून बोली लावावी. त्यांची जुनी कवळी नळाखाली धुताना हातातून निसटून फुटली, आणि आवाजच गेला. म्हणजे आवाज होता, पण त्याला कडा नव्हती. 'एकवार, दोनवार, तीनवार' म्हणायला गेले की 'एकवाऽ, होनवाऽ, हीनवाऽ' असं काहीतरी यायचं. समोरचे व्यापारी गालातल्या गालात हसायचे. त्यातच मंडई नव्या जागेत जाणार होती. रविवारी सकाळी तिथे पहिला लिलाव. मंडईच्या चिटणिसांनी स्पष्ट सांगितलं होतं : काकांना जमलं तर काका, नाही जमलं तर रेकॉर्ड केलेला आवाज आणि आकड्यांचा फलक. एकदा फलक लागला की तो कुणी काढत नाही.

"बाई, माझी खुर्ची तुझ्या हातात आहे," काका म्हणाले होते. म्हणजे 'खुर्ही' म्हणाले होते, पण अर्थ पोचला.

मेणातली कवळी बसवून बघितली तर 'स' म्हटलं की शिट्टी वाजायची. आत्यानं पुढचे दात पुन्हा लावले. पुन्हा शिट्टी, जरा बारीक. तिसऱ्यांदा लावून जमेपर्यंत शुक्रवार उजाडणार आणि शिजवायला शनिवारच उरणार, हे सोमवारीच दिसत होतं. आणि वीज कचेरीनं जाहीर केलं, की तारा बदलायच्या असल्यानं शनिवारी दिवसभर लाइट नाही.

आत्या पेटीसमोर स्टूल घेऊन बसली. टाकीला पावात काही होत नव्हतं. "शिकवायचं म्हणतोय ना तो? मग शिकवू," ती म्हणाली. "बाळ्या, तू शिकवणारा ना? हिला शिकव."

बाबांच्या अंगात एकदम वीज आली. संध्याकाळी सगळे घरी आल्यावर त्यांनी आम्हाला पॅसेजमध्ये रांगेत उभं केलं. "मी मेन स्विच बंद करणार. पेटीला वाटणार लाइट गेली. लाइट गेली की प्रत्येकानं आपापलं यंत्र चालू करायचं. मी इस्त्री. ही मिक्सर. तू केसांचा ड्रायर. ताई, सगळे दिवे आणि पंखे. विचार करायचा नाही! क्लच दाबताना विचार करतं का कोणी? हाताला सवय लागली पाहिजे!"

खट्. मेन बंद. आणि घरात एकच गदारोळ उठला. मिक्सरमध्ये आई नुसतं पाणी फिरवत होती. बाबा एकाच शर्टाला पुन्हा पुन्हा इस्त्री करत होते. माझे केस कोरडे असून आणखी कोरडे होत होते. आणि आत्या, जिनं जन्मभर एकेक दिवा विझवत घर सांभाळलं, ती खोल्याखोल्यांतून पळत सगळे दिवे लावत होती. चेहरा असा, की कुणी तिच्या हातून तिचंच सामान खिडकीबाहेर फेकवून घेतंय.

"न्हाणीघरातला राहिला ताई!"

"तिथे कोण आहे?"

"कोणी नाही! लाव!"

"कोणी नसताना?"

"लाव म्हणतो ना!"

तिनं लावला आणि डोळे मिटून घेतले.

रोज संध्याकाळी हे. शेजारच्या काकूंनी विचारलंसुद्धा, "तुमच्याकडे काही कार्य आहे का? आणि आहे, तर आम्हाला बोलावणं कसं नाही?" पण पट्टी हलली. पावाची निम्मी झाली, निम्म्याची पाऊण. शुक्रवारी काकांच्या 'स'ची शिट्टीही गेली, आणि आत्यानं बघितलं तर पेटी काठोकाठ भरलेली. तिनं पुन्हा तिच्या पाठीवरून हात फिरवला. बाबांनी आपली पाठ पुढे केली. ती तशीच पुढे गेली.

शनिवारी सकाळी साचा टाकीत गेला. टाकी एकाच गरमीवर बराच वेळ ठेवायची आणि मग उकळीला न्यायची. घड्याळ आतच बसवलेलं आहे, झालं की घंटा वाजते. अ‍ॅक्रिलिकचा वास घरभर पसरू नये म्हणून आत्यानं खोलीचं दार लावून घेतलं आणि दुसऱ्या कुणाचे तरी दात घासत बसली.

मग लाइट गेली.

आणि आमचे हात गेले. कुणी काही ठरवलं नाही. बाबा पेपर टाकून इस्त्रीकडे. आई मिक्सरकडे. मी ड्रायरकडे. हॉलमधले, बेडरूममधले, न्हाणीघरातले दिवे बाबांनी वाटेत लावले, आत्याचं काम असूनही. सगळी यंत्रं छान घरघरत होती, आणि आम्ही एकमेकांकडे बघून समाधानानं माना डोलावत होतो. हाताला अगदी पक्की सवय लागली होती.

आत्या पाणी प्यायला बाहेर आली. दारातच थबकली. एक दिवा बघितला, दुसरा बघितला. बाबांनी इस्त्री वर धरून विचारलं, "काय ताई, कसं?"

"अरे शहाण्या, आज खरी गेलीय!"

पुढचं सांगायला दोन तोंडं हवीत. आत्यानं जी धाव घेतली! खट्, खट्, खट्. तिच्या मागून घर विझत आणि गप्प होत गेलं. मिक्सरची वायर उपटली, ड्रायर माझ्या हातातून ओढला, बाबांच्या हातावर एक चापट दिली. बाबांना चापट बसलेली मी पहिल्यांदा बघितली. आणि शपथेवर सांगते, आठवडाभर आतल्या आत कोंडलेली ती बाई त्या फेरीत सुखावली होती. शेवटचा दिवा मालवून तिनं असा श्वास सोडला, जसा घट्ट चप्पल काढल्यावर सोडतात.

पण पेटीची पट्टी निम्म्याच्या खाली आली होती आणि टाकीची उकळी अजून बाकी होती.

"पुरेल का हो वन्सं?" आईनं विचारलं.

 आत्या टाकीजवळ कान लावून उभी राहिली. पाणी जरा गार झालं की टाकी टक् करून गरम करायला लागते, पुरेसं तापलं की टक् करून थांबते. "ही जितकी कमी टक् करेल तितकं बरं," ती म्हणाली. मग एकदम वळली. "रजया आणा. सगळ्या."

आम्ही बाहेरून टाकी गुंडाळली. बाबांनी कडा नीट खोचल्या, उशाशी एक उशीसुद्धा लावली. "काकांचे दात झोपलेत," ते कुजबुजले, "मोठ्यानं बोलू नका." आई हसली आणि हसू दाबायला तिनं उशीच उचलून तोंडावर धरली. टक् आणि टक् यांच्यामधला वेळ लांबत गेला. आम्ही चौघं जमिनीवर बसून त्या एवढ्याशा आवाजाकडे कान लावून होतो. मध्ये काकांचा फोन आला. "झाऽ का?" आत्या म्हणाली, "झोपलेत. उठले की कळवते," आणि ठेवला. बिचाऱ्यांना काय कळलं देव जाणे.

उकळी लागली तेव्हा पट्टी लाल झाली. आत्या पट्टीकडे बघेना, आम्ही बघितलं तर आमच्यावर डोळे वटारी. घंटा वाजली तेव्हा पेटीत काय उरलं होतं? ताटाला चिकटलेला भात निघेल तेवढं. पण वाजली. साचा तिनं तसाच पाण्यात हळूहळू गार होऊ दिला, घाई केली की कवळी वाकडी होते. संध्याकाळी फोडला, घासला, चमकवला. गुलाबी, गुळगुळीत, कुठे जाळी नाही.

रविवारी नव्या मंडईत ही गर्दी. चिटणीस झाकलेल्या फलकावरच्या कापडाचं टोक हातात धरून तयार. काका टोपलीवर चढले, कवळी जिभेनं एकदा चाचपली आणि सुरू झाले. पहिल्याच आवाजाला मागच्या रांगेतला एक हमाल दचकून पाटीसकट वळला. फ्लॉवरची पहिली टोपली उठली. दुसरी उठली. व्यापारी हसत होते, पण आता वेगळं. चिटणिसांनी कापडाचं टोक सोडून दिलं, फलक झाकलेलाच राहिला.

बाबांनी आत्याला कोपरानं ढोसलं. "ऐकतेस ना, काय आवाज लागलाय!"

आत्या आवाज ऐकतच नव्हती. मान तिरकी करून ती काकांच्या जबड्याकडे बघत होती, अगदी सुखात.

"खालची डावीकडून किंचित उचलतेय," ती म्हणाली. "उद्या सकाळी या म्हणावं त्यांना. घासून देते."