एका चालीचे

२०२२ साल. माझं वय चौऱ्याहत्तर. त्या साली माझ्या वरच्या खोलीत जे सर भाड्यानं आले, त्यांच्याएवढा संशयी माणूस साऱ्या धायरीत झाला नाही. मी चौथीत शाळा सोडली, तरी माणूस मला बघताक्षणी कळतो. सर काही कळेनात. त्यांचा उद्योग जवळच्या जोडताऱ्यांची, म्हणजे जोडीनं फिरणाऱ्या ताऱ्यांची, मोजदाद करण्याचा. त्यांचं ‘जवळ’ म्हणजे तिथला उजेड इथं यायला वर्षानुवर्षं लागतात. आम्हाला खडकवासला लांब वाटतो. कुणीही दोघं शेजारी दिसले की सर थबकायचे. भाजीवालीसमोर उभे नवराबायको बघून हळूच विचारायचे, “हे खरंच बरोबर आहेत, की आपल्याला नुसते एका रेषेत दिसतात?” माझ्या नातीच्या लग्नात भटजींनी वर बोट करून वसिष्ठ-अरुंधती दाखवले, तर सर मागून म्हणाले, “त्या दोघांचं अजून नक्की ठरलेलं नाही. शिवाय दुर्बिणीतून एकटा वसिष्ठच दोन दिसतो.” मुलीचा मामा बाह्या सारून उठला. मी सरांना दंडाला धरून पंगतीत नेलं आणि जिलेबीसमोर बसवलं.

मनानं मात्र लोणी. स्वतः एकटेच. लग्नाचं विचारलं, तर म्हणाले, “सूर्यासारख्या ताऱ्यांत निम्म्याच्या आसपास जोडीनं असतात, अण्णा. बाकीच्यांनाही कुणीतरी असायला हवंच की.”

माझा धाकटा भाऊ भिंतीपलीकडं राहायचा. भिंतीलगतच्या शेवग्यावरून आमचं बोलणं बंद होतं. शेवगा माझाच, आजही माझाच. तर धाकट्यानं घर विकलं आणि तो लेकाकडं कोथरूडला निघाला. आदल्या संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो. सर खाली आले, शेजारी टेकले.

“अण्णा, काही जोड्या इतक्या लांब असतात की जोडी वाटतच नाहीत. मग आम्ही चाल बघतो. दोघांची दिशा एक, वेग एक, तर ते एकमेकांचे. तुम्ही दोघं भाऊ सकाळी एकदमच आपापल्या ओट्यावर येता. एकदमच सिंहगडाकडं बघता. चष्मासुद्धा एकदमच पुसता. मी वरून रोज बघतो.”

मी म्हणालो, “मग? चाललाय तो.”

“अंतर वाढलं की बंध सैल होतो,” ते म्हणाले. “मग जवळून नुसता तिसरा कुणी गेला तरी सुटतो.”

मी उठून आत गेलो. मला कुणी शिकवलेलं चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. मी शेवग्याच्या शेंगा काढल्या, जुडी बांधली, भिंतीला वळसा घालून गेलो आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसलो. धाकटा बघतच राहिला. म्हणाला, “दादा, कुठं?”

“घर बघाय. पुढच्या वक्ताला चुकाय नको.”

तो शेजारी येऊन बसला, चष्मा काढून पुसायला लागला. माझाही हातातच होता. वर बघितलं, तर गॅलरीत सर एकटेच उभे.

मी हाक मारली, “सर, या की खाली. मागं जागा हाय.”