गिरणीवरची जप्ती आणि एक मराठी फोन

आधीच सांगून टाकते, या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते ते निव्वळ करमणूक म्हणून. घाटात गाडी बंद पडली, पांढऱ्या साडीतली बाई दिसली, तिचे पाय उलटे… अहो, मग मेकॅनिकला फोन करा ना! स्वतः गाडीचं सर्व्हिसिंग करायचं नाही आणि नाव मात्र भुताचं. मी नागपूरची, केमिस्ट्रीतली एम.एस्सी., मला असल्या गोष्टींसाठी वेळ नाही. तरी लिहितेय. कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसा, मीही तुमच्यावर हसलेच आहे.

स्थळ : चँडलर, ॲरिझोना. एका बाजूला नेल सलॉन, दुसऱ्या बाजूला बंद पडलेलं गाद्यांचं दुकान, आणि मध्ये आमची पिठाची गिरणी. रवीचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, चिप कंपनीतला जॉब गेला तेव्हा ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलं होतं. मी म्हटलं, बास झालं, आता कोणापुढे हात जोडायचे नाहीत. राजकोटहून चांगली मोठी चक्की मागवली. ज्वारी, बाजरी, थालीपिठाची भाजणी, उपासाची भाजणी… आजूबाजूचे मराठी लोक दळण घेऊन यायला लागले. रवीला दुसरा जॉब मिळेना, तेव्हा घरात येणारा पैसा तेवढाच. चक्की गेली तर घर गेलं, इतकं सरळ होतं ते.

आता अभय. माझा धाकटा दीर. जगातल्या प्रत्येक विषयावर याला मत आहे आणि एकाही विषयातलं काही कळत नाही. "वहिनी, पेपरवर्क माझ्यावर सोडा, टेन्शन नाय लेनेका." रवीने सोडलं. भाऊ ना तो! इथे दुकानातल्या यंत्रांवरसुद्धा दर वर्षी काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्ह्याला, टॅक्स भरावा लागतो. थकवला तर शेरीफची माणसं ट्रक घेऊन येतात, यंत्र उचलतात आणि लिलावात काढतात. आमच्या नावाच्या नोटिसा या महाशयांच्या गाडीत, मागच्या सीटवर, पोरीच्या सॉकरच्या बुटांखाली पडून होत्या. उघडलेल्यासुद्धा नाहीत.

आणि फोन? तुम्हालाही येत असतील ते. "धिस इज ऑफिसर विल्यम, टॅक्स भरा नाहीतर अरेस्ट," आणि मागे प्रेशर कुकरची शिट्टी. असला फोन कापला की आपल्या लोकांना केवढा पराक्रम केल्यासारखं वाटतं! अभय नुसता कापायचा नाही, झापायचा. मग पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरचे डबे जमवून केलेल्या जेवणात, हातात प्लेट घेऊन तो किस्सा रंगवायचा : "मी त्याला म्हटलं, तू काय काम करतोस ते तुझ्या आईला माहितेय का?" आणि सगळे ही ही करून हसणार. त्याने झापलेला तो खराखुरा शेरीफच्या ऑफिसचा माणूस होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते, चकलीच्या भाजणीची झुंबड. त्या मंगळवारी दुपारी दुकानात फक्त देशमुख काकू होत्या. मुलाकडे नुकत्याच आलेल्या, मला दुसऱ्यांदाच भेटत होत्या. माझे हात कोपरापर्यंत पिठात. दुकानाचा फोन वाजला. काकूंना राहवतंय थोडंच, त्यांनी उचलला. दोन शब्द बोलल्या आणि रिसिव्हर माझ्याकडे धरला.

"घे गं, तुझ्या सासूबाई आहेत. म्हणाल्या, सुनेला द्या."

माझ्या सासूबाई नागपुरात वारल्या त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. काकूंना ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. माझं डोकंच फिरलं. पिठाच्या हाताने फोन घेतला.

"आधी ते यंत्र बंद कर. काही ऐकू येत नाही."

तोच आवाज. खडा, समोरच्याला उभं करून ठेवणारा. आणि मी चक्की बंद केली हो! सवय जात नाही. मग भानावर आले.

"कोण बोलतंय?"

"उद्या सकाळी माणसं येणार आहेत. चक्की नेतील. अभ्याच्या भरवशावर बसू नकोस, त्यानं एक पैसा भरलेला नाही. आज कचेरी बंद व्हायच्या आत स्वतः जा. पैसे भर, आणि पावती हातात पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस."

"वा वा!" मी म्हटलं. "आता मराठीतही सुरू केलं का धंदा? मेलेल्या माणसांचे आवाज काढता, लाज नाही वाटत? कार्डाचा नंबर हवा असेल ना? घे लिहून—"

"मला काय करायचाय तुझा नंबर! प्रत्येक गोष्टीत वाद घालायलाच हवा का? जा म्हणते ना!"

आणि फोन आपटला. सासूबाई ठेवायच्या नाहीत, आपटायच्याच.

"बऱ्या आहेत ना?" काकूंनी विचारलं.

"ठणठणीत," मी म्हटलं.

मी काउंटीच्या कचेरीत गेले ती विश्वास बसला म्हणून नाही, संतापाने गेले. तिथेच तक्रार ठोकायची आणि या हरामखोरांना पकडून द्यायचं, हे डोक्यात. काकूंचं दळण अर्धवट टाकलं. त्या पुटपुटत गेल्या. खिडकीवरच्या मुलीने लांबलचक नखांनी कीबोर्डवर टकटक केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ओह हनी… तुमचं मशीन उद्या सकाळी उचलणार आहेत."

मी खिडकीची कड घट्ट धरली. दुकानाच्या भाड्यासाठी ठेवलेल्या पैशांतून चेक फाडला, भाडेवाल्याचं नंतर बघू म्हटलं. पावती घेतली. मग विचारलं, तुमच्यापैकी मराठी कोण बोलतं? ती म्हणाली, "मराठी म्हणजे काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आलाच. कचेरीकडून त्यांना निरोप पोचला नव्हता. शेरीफचा तो धिप्पाड माणूस च्युइंगम चघळत चक्कीभोवती असा फिरला, जणू बाजारात म्हैस बघतोय. मी पावती पुढे केली. त्याने फोनवर खात्री केली आणि हातातलं जप्तीचं लेबल परत खिशात ठेवलं. तेवढ्यात आमचे हिरो जिमच्या कपड्यांत अवतरले. "वहिनी, एक शब्द बोलू नका, स्कॅम आहे!" आणि त्या माणसाकडे वळून, बोट नाचवत, "शो मी युअर बॅज!"

त्या माणसाचं चघळणं थांबलं. "हा आवाज मी ओळखतो," तो म्हणाला. "माझ्या आईबद्दल विचारणारा तूच ना?"

अभयचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला कुठल्याही विषयावर मत नव्हतं.

पण गप्प बसेल तर तो अभय कसला! संध्याकाळपर्यंत थिअरी तयार : "वहिनी, एआय आहे. व्हॉइस क्लोनिंग." म्हणजे जप्तीची नोटीस वाचता येत नाही, पण एआय कळतं. अरे, आवाजाची नक्कल करायला आधी आवाज तर हवा! सासूबाईंनी जन्मात कधी रेकॉर्डिंग करू दिलं नाही. मोबाईल समोर धरला की पालथा घालायच्या. आणि बरं, मानलं एआय. मग कोणता चोर तुम्हाला सरकारी खिडकीवर पाठवतो आणि वर पावती घे म्हणून दम देतो? त्यात त्याला काय मिळालं? ग्रुपवरच्या हुशार मंडळींनो, सांगा ना. देशमुख काकूंना मी पुन्हा पुन्हा विचारलं. त्या अजून तेच सांगतात : सासूबाई म्हणाल्या, सुनेला द्या.

मीही शोध घेतला. फोन कंपनीला विचारलं, त्यांनी नंबर अननोन म्हणून हात झटकले. कचेरीतही पुन्हा जाऊन आले.

एकच गोष्ट सलते. सासूबाई दर रविवारी घरी फोन करायच्या आणि मी उचलला की फक्त दोन शब्द : "रवीला दे." लग्नापासून शेवटच्या रविवारपर्यंत. मी कशी आहे, जेवले का, काही नाही. मीही कधी तोंड वाकडं करायचं सोडलं नाही. आणि त्या दिवशी दोन्ही मुलांच्या खिशात फोन असताना, बाईने फोन केला तो मला.

त्या रात्री जेवताना रवी कितीतरी वेळ भात नुसता चिवडत होता. थट्टा नाही, शंका नाही. शेवटी खाली बघत हळूच म्हणाला, "माझ्याबद्दल काही विचारलं का गं तिने?"

मी म्हटलं, "हो. जेवतो का वेळेवर, म्हणून विचारत होत्या."