दारातला नळ

लग्नानंतरच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात आमच्या ह्यांनी विहिरीवरून थेट दारापर्यंत पाइप टाकला, आणि मी मूर्खासारखं त्या नळाला हळद-कुंकू वाहून आळीभर गूळखोबरं वाटलं. पारनेरच्या कोरड्या माळावर दारात नळ म्हणजे काय थाट! बाया डोक्यावर हंडे घेऊन जायच्या आणि मी उंबऱ्यात उभी राहून, पदर सावरत, "आमचे हे मला लई जपतात बाई" असं ऐकवायचे. आज ती उंबऱ्यातली बया भेटली तर तिचं डोकं त्याच नळाखाली धरीन.

नळ आला तशी विहीर सुटली, आणि विहिरीवर बोलायला भेटणाऱ्या बायाही सुटल्या. मग दुकान सुटलं: "तू कशाला जातेस, मी आणतो ना." माहेरी गेले की संध्याकाळच्या एसटीने हे न्यायला हजर. करमत नाही म्हणे! आणि मी लाजायचे. लाजायचे! एकदा न विचारता शेजारणीकडे पापड लाटायला गेले, तर घरी आल्यावर तेच लाटणं पाठीत बसलं. तेव्हाही मला वाटलं, चूक आपलीच.

आता मी नगरला मुलाकडे असते. नात नागापूरच्या एका कंपनीत नोकरीला आहे. मध्यंतरी तिचा साखरपुडा झाला आणि नवरदेवाने फर्मान काढलं, कंपनीच्या बसने जायचं नाही. मोटारसायकलवर तोच सोडणार, तोच आणणार.

"किती काळजी घेतो पोरगा," मुलगा कौतुकाने म्हणाला. माझं डोकंच फिरलं.

तो चहाला आला तेव्हा मी गोड होऊन विचारलं, "जावईबापू, एखाद्या दिवशी आली ती बसने, तर?"

"मला नाही आवडत, आजी."

"तुम्हाला कुठं चढायचंय बसमध्ये? जायचंय तिला."

तो हसला नाही. नातीकडे नुसतं पाहिलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. बसमधली मैत्रीण होती. पोरीने फोन उलटा ठेवला. ते पाहणं आणि ते गप्प होणं, दोन्ही माझ्या ओळखीचं होतं.

तो गेल्यावर मी तिला नळाची गोष्ट सांगितली. आजवर कुणाला न सांगितलेलं लाटणंही सांगितलं. "मार पडेपर्यंत थांबू नको, पोरी. मार शेवटी येतो. आधी नळ येतो."

मुलगा भडकला. "आई, साखरपुडा झालाय! मोडलं तर लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी गूळखोबरं वाटते!"

नात चहाचे कप उचलून आत गेली. रात्रभर मी स्वतःलाच शिव्या घालत पडले.

दुसऱ्या दिवशी कंपनी सुटायच्या वेळी तिचा फोन आला. मागे बायकांचा गलका चालला होता.

"आजी, मी बसमध्ये बसलेय. तो गेटवर उभा राहून हॉर्नवर हॉर्न वाजवतोय. अंगठी तोंडावर फेकायला उतरत होते, पण ह्या सगळ्या म्हणतात, तू नको उतरू, आजीच्या हाती पाठव. जाशील ना?"